पहिलं माप

पडद्याआडच्या बाईचा आवाज त्याला आवडला, आणि आवडला म्हणून सवयीप्रमाणे त्यानं ती बाई ओळखायला घेतली. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या बाकावर तो बसला होता, मांडीवर बायकोचा घरी विसरलेला चष्मा. समोर हिरवा पडदा. पडद्याआड कुणी म्हातारी, आणि तिचा रक्तदाब घेणारी ही बाई. बाई सावकाश बोलत होती. वाक्य संपलं तरी आवाज लगेच संपत नव्हता. जिना उतरताना कठड्यावरून हात घसरत यावा तसा खाली येऊन थांबत होता. म्हातारी सुनेची काहीतरी तक्रार करत होती आणि बाई मधूनच हसत होती. ते हसू पोटातून येत होतं, तोंडावर चिकटवलेलं नव्हतं. त्यानं डोळे मिटून मनातल्या मनात नोंद केली: वय चाळिशीच्या आसपास, अंगानं भरलेली, बहुधा एकटी राहणारी, कारण डोक्यावर घर असलं की बाई इतकी निवांत बोलत नाही; दवाखान्यात नवीन असावी. मग पडदा सरकला आणि त्याची बायको बाहेर आली. तिनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही? काय झालं?" हा आवाज मात्र त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. उंच, आखूड, शेवटाला कात्रीनं कापल्यासारखा.

काही झालं नव्हतं. चष्मा दिला, तिनं घेतला. मागून म्हातारी काठी टेकत आली आणि तिनं विचारलं की हे कोण. बायको म्हणाली, आमचे हे. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तेच का ते, वटवाघळं काय बोलतात ते ऐकणारे? मग घरातलं कोण ऐकतं?" बायको हसली, पण हे हसू मघाचं नव्हतं. तो पायऱ्या उतरून रस्त्यावर आला आणि कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाशी उगाचच थांबला. चोवीस वर्षांचा संसार. ज्या माणसाला आवाजावरून प्राणी ओळखण्याचा पगार मिळतो, त्याला सहा हातांवरून स्वतःची बायको ओळखता आली नाही. नुसती ओळखता आली नाही असंही नाही. चक्क दुसरीच बाई ठरवून मोकळा झाला. याची लाज वाटायला हवी होती, आणि ती पुढे वाटलीही, पण त्या क्षणी चपलांच्या दुकानाशी त्याला वाटलं ते निव्वळ कुतूहल. दोन आवाज आणि बाई एकच. हे कसं काय.

त्याच्या संशोधन संस्थेत सगळे त्याला कानसेन म्हणत. त्यात कौतुक निम्मं आणि टवाळी निम्मी. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता तो. बावीस वर्षांपूर्वी संस्थेचं ध्वनियंत्र बिघडलं म्हणून त्याला बोलावलं होतं. त्यानं यंत्र उघडलं, पुसलं, जोडलं आणि चालतंय का ते बघायला त्यातलं जे होतं ते लावलं. वटवाघळाची हाक माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, फार उंच असते; यंत्र ती दहापट संथ करून ऐकवतं. संथ झाल्यावर ती एखाद्या पक्ष्याच्या चिवचिवीसारखी लागते. त्यानं ती पाच मिनिटं ऐकली आणि विचारलं, यात दोन जणं आहेत का? होती दोनच. ज्यांच्या भिंतीवर पदव्या टांगल्या होत्या त्यांना ते आलेख काढून, दोन दिवस घालवून कळलं होतं. त्यांनी त्याला ठेवून घेतलं, 'सहायक' म्हणून. बावीस वर्षांत ते पद तसूभर हललं नाही. तीन संचालक आले. प्रत्येकानं त्याच्या कानावर आपापले लेख लिहिले आणि लेखाच्या शेवटी, जिथं मुंग्याही पोचत नाहीत अशा बारीक अक्षरात, आभार मानले. आभारांच्या त्या ओळीत वाहनचालकाचं नाव असे, जेवण पुरवणाऱ्याचं असे, आणि मग याचं.

या वेळी तसं होणार नव्हतं. शहरापासून अडीच तासांवर जे कोरडं, पानझडीचं जंगल आहे, त्यातल्या वटवाघळांचं पुस्तक निघत होतं. प्रत्येक जातीला एक पान: चित्र, मापं आणि हाकेचा आलेख. सतरा पानांवर खाली 'सौजन्य: संस्था' असं छापायचं होतं. अठरावं पान त्याचं होतं. कारण अठरावं वटवाघूळ फक्त त्यानंच ऐकलं होतं. त्याची हाक एकोणचाळीस किलोहर्ट्झला येऊन टेकायची, लांब आणि जवळजवळ सपाट, म्हणून त्याचं नाव त्यानं एकोणचाळीस ठेवलं होतं. अकरा वर्षं ते त्याच्या यंत्रात येत होतं, पानं झडून गेल्यावर ओढ्याच्या पात्रावर तर रोज. पण जाळ्यात ते कधी एकदाही सापडलं नव्हतं. ज्याचा आलेख जुळेल असं संस्थेच्या हाकांच्या संग्रहात काही नव्हतं. त्या पानाखाली छापून यायचं होतं, 'आवाजावरून प्रथम नोंद', आणि त्यापुढे त्याचं नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. सोमवारी पुस्तक छापखान्यात जायचं होतं. आज गुरुवार होता. कच्ची पानं त्याच्या टेबलावर तपासायला आली होती आणि दिवसभरात त्यानं अठरावं पान चारदा उघडून पाहिलं, बाकीची सतरा एकदाही नाही.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यानं तो विषय आडवळणानं काढला. सरळ विचारायची त्याची छाती नव्हती. बायकोला असं कसं विचारणार की, तू माझ्याशी बोलतेस ती कोण. म्हणून त्यानं म्हातारीचं विचारलं. किती निघाला तिचा दाब? बायको म्हणाली, पहिल्यांदा खूपच वर, मग ठीक. मग म्हणजे? तिनं सांगितलं, तिच्या त्या तुटक, घाईच्या आवाजात. माणूस जिना चढून येतो, पांढरे कपडे बघतो, दंडाला पट्टा आवळला की त्याचं काळीज उडतं. यंत्र खोटं नसतं पण आकडा खोटा असतो. म्हणून ती त्यांना खुर्चीत टेकून बसवते, दोन्ही पाय जमिनीवर, हात सैल, आणि दहा मिनिटं काहीबाही बोलत बसते. मग दुसरं माप घेते, आणि तेच लिहिते.

"आणि पहिलं?"

"पहिलं माप मी लिहीतच नाही," ती ताटातून वर न बघता म्हणाली. "ते दवाखान्याचं असतं. माणसाचं नसतं."

त्याचा हात ताटातच राहिला. तिनं विचारलं, काय झालं, मीठ कमी आहे का. तो नाही म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा स्वतःचा तळहात आला होता. बावीस वर्षं ओढ्यावर जाळं लावून, अडकलेलं वटवाघूळ हळूच सोडवून, कापडी पिशवीत वजन करून, कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मापपट्टीच्या चिमट्यात धरून, दात पाहून, कान पाहून, जात पक्की करून शेवटी ते ज्या तळहातावरून उडवायचं तो तळहात. आणि पाच पावलांवर लावलेलं यंत्र. उडाल्याउडाल्या ते जी हाक देई तीच त्या जातीची हाक म्हणून संग्रहात जमा व्हायची. सगळीकडे असंच करतात. कारण नाव माहीत असलेलं वटवाघूळ फक्त त्या एका क्षणाला मिळतं, पुढच्या क्षणी ते अंधारातलं कुणीही असतं. सहाशे बारा हाका. सहाशे बारा पहिली मापं. अर्धा तास मुठीत धरलेल्या, पंख ताणून बघितलेल्या, जिवाच्या भीतीनं सुटलेल्या जनावरानं सुटताना जे काही ओरडलं, ते त्यानं त्याचं बोलणं म्हणून लिहून ठेवलं होतं. माणसाला चोर म्हणून धरावं, सोडताना त्यानं शिवी हासडावी आणि आपण वहीत लिहावं की या माणसाची भाषा अशी असते, त्यातला प्रकार.

आणि लगेच दुसरी गोष्ट, पहिलीच्या पाठीला पाठ लावून आली. ओढ्यावर सगळ्यांत जास्त सापडणारं जे वटवाघूळ, अंगठ्याएवढं, तपकिरी, ज्याला जाळ्यातून काढून काढून कंटाळा यावा, त्याची संग्रहातली हाक सत्तेचाळीसला टेकते. आखूड आणि उभी. ते सत्तेचाळीस जाळ्यात रोज, पण मोकळ्या हवेत लावलेल्या यंत्रात फारसं येत नाही, याचं त्याला दरवर्षी नवल वाटे. आणि एकोणचाळीस हवेत रोज, पण जाळ्यात कधीच नाही. अकरा वर्षं ही दोन नवलं त्यानं दोन वेगळ्या वह्यांत लिहिली होती. एकोणचाळीस सापडत नव्हतं. कारण सापडलं की ते सत्तेचाळीस होत होतं. जेवण तसंच ठेवून तो हात धुवायला उठला. नळाखाली हात धरला आणि आपण हसतोय हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. आपलं पान गेलं हेही त्याला कळलं, पण ते दुखणं अजून वाटेत होतं. आधी पोचला तो आनंद, रेडिओच्या पोटात नेमकी सुटलेली तार सापडल्यावर व्हायचा तसला, हलकट म्हणावा इतका निर्मळ.

पण तार सापडली असं वाटणं वेगळं आणि रेडिओ वाजणं वेगळं. शनिवारी दुपारी तो बसनं जंगलात गेला. तिथला वनरक्षक त्याचा जुना सोबती, जाळ्याच्या काठ्या रोवायला मदत करणारा, बोलायला चहाटळ. अवेळी का आलात, पुस्तक तर झालं म्हणता, असं त्यानं विचारलं. कानसेन म्हणाला, एकाची दुसऱ्यांदा मुलाखत घ्यायची आहे. झाडं पार उघडी झाली होती. पायांखाली पानं अशी वाजत होती की दोन माणसं चालली तरी वरात निघाल्यासारखं वाटावं. ओढ्याच्या पात्रात पाणी नव्हतं, गोटे होते, आणि गोट्यांतून दिवसभराचं ऊन अजून वर येत होतं. सूर्य डोंगरामागे गेला आणि थोड्याच वेळात जाळ्यात पहिलं सत्तेचाळीस अडकलं. त्यानं ते सोडवलं. हातमोज्यातल्या मुठीत त्याचं सगळं अंग एखाद्या घड्याळासारखं चालत होतं. वजन, हाड, कान, दात, शंकाच नाही. मग खिशातून त्यानं चकाकणारी बारीक काडी काढली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आत हिरवा उजेड भरलेली, आणि कातडी न जाळणाऱ्या डिंकानं ती त्याच्या पोटाच्या केसांवर चिकटवली. एकदोन दिवसांत ते स्वतःच चाटून काढून टाकतं. वनरक्षक म्हणाला, आता त्याला बिल्लाही द्या. कानसेननं तळहात उघडला.

हिरवा ठिपका उडाला. यंत्राच्या पडद्यावर रेघा आल्या: उभ्या, आखूड, सत्तेचाळीस. घाबरलेल्या. ठिपका झाडांच्या टोकांवरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. आजवर तो इथं यंत्र बंद करत असे. इथं नोंद पुरी होत असे. आज तो गोट्यांवर टेकून बसला, दोन्ही पाय जमिनीवर, कानांवर हेडफोनचे कर्णे, आणि थांबला.

थांबणं त्याला नवीन नव्हतं, पण मूठ उघडल्यानंतरचं थांबणं नवीन होतं. या नोकरीच्या पहिल्या वर्षीची खोली त्याला आठवली. एकच खोली, कोपऱ्यात त्याचं टेबल, टेबलावर यंत्र, आणि त्याच्या कानांवर हेच कर्णे. ती पाठीमागून काहीतरी सांगत असे. त्याला ऐकू जात नसे. ती पुन्हा सांगे. तो हात वर करी, थांब म्हणून. तिसऱ्यांदा ती जवळ येऊन, उंच आवाजात, तीन शब्दांत सांगे: जेवण गार होतंय. तेवढं कर्ण्यांच्या आत शिरत असे. लांब वाक्यं शिरत नसत, सावकाश शब्द शिरत नसत, खालचा सूर तर मुळीच नाही. म्हणजे तो आवाज तिनं घडवला होता, त्याच्याकरता, एखादी खिळा ठोकायची हातोडी घडवावी तसा. बिचारीचा त्यात काय दोष. आणि त्याला आणखी एक आठवलं. नवं यंत्र आलं तेव्हा त्यानं ते तिच्या तोंडासमोर धरून म्हटलं होतं, बोल काहीतरी. ती म्हणाली होती, "काय बोलू? बोलतेय ना. झालं?" सहाशे बारा हाकांच्या आधी, संग्रहाच्या अगदी सुरुवातीला, 'चाचणी' या नावाखाली ती आठ सेकंदं अजून होती. बायकोच्या आवाजाची त्याच्याकडची एकमेव नोंद. पहिलं माप. दुसरं घ्यायचं कधी त्याच्या मनातच आलं नव्हतं; जात पक्की झाली होती.

वनरक्षकानं त्याच्या खांद्याला हात लावला आणि वर बोट दाखवलं. हिरवा ठिपका परत आला होता. ओढ्याच्या पात्रावर, उघड्या फांद्यांच्या मधल्या मोकळ्या हवेत, या वळणापासून त्या वळणापर्यंत तो निवांत येरझारा घालत होता, वाटेत कधी झुकून एखादा किडा टिपत. कानसेननं पडद्याकडे पाहिलं. रेघा लांबल्या होत्या, आडव्या झाल्या होत्या. त्रेचाळीस. पुढच्या फेरीला एक्केचाळीस. मग ठिपका अगदी त्याच्या डोक्यावरून गेला आणि कर्ण्यांत ती हाक आली, अकरा वर्षांच्या ओळखीची, सावकाश, खाली येऊन टेकणारी. एकोणचाळीस. पोटावर त्याच्याच हातची काडी लावलेलं एकोणचाळीस. त्यानं आणखी दोघांना तशाच काड्या लावून सोडलं. दोघंही आधी ओरडली आणि मग, भोवताली कुणी धरणारं नाही याची खात्री पटल्यावर, बोलली. वनरक्षकाला त्यानं सांगितलं की अठरावं वटवाघूळ नाहीच, हेच ते. वनरक्षकानं जरा विचार केला. "म्हणजे तुमचं नाव गेलं म्हणा की," तो म्हणाला. आता मात्र दुखणं पोचलं. बसमध्ये अडीच तास तो खिडकीच्या काचेला डोकं लावून बसला, आणि ते आडनाव, मोठ्या अक्षरातलं, काचेवर दिसत राहिलं.

सोमवारी सकाळी संचालकांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. पुस्तक थांबवता येणार नाही, मान्यवरांच्या तारखा घेतल्या आहेत, पुढच्या आवृत्तीत बघू. कानसेन म्हणाला, मग आवाजाच्या तपासणीखाली मी सही करणार नाही. संचालक खुर्चीत मागे रेलले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमच्या सहीला विचारतो कोण, कानसेन?" खरंच होतं ते. त्या इमारतीत बावीस वर्षांत बोललं गेलेलं एवढं खरं वाक्य दुसरं नसेल. त्यानं यंत्र टेबलावर ठेवलं आणि लावलं. तळहातावरून सुटलेली हाक. मग तेराव्या मिनिटाची, मग विसाव्या. आलेख शेजारी शेजारी, आणि खाली एकाच काडीची, एकाच जिवाची वेळेसकट नोंद. संचालक गर्विष्ठ होते पण बहिरे नव्हते. त्यांनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे बावीस वर्षं आपण काय केलं?"

"घाबरलेली वटवाघळं मोजली, सर."

मग संचालकांनी हिशेबी माणसासारखा मार्ग काढला: अठरावं पान काढू, बाकीचं आहे तसं जाऊ दे. कानसेन म्हणाला, तसं नाही. माझं पान काढाच, पण उरलेल्या सतराही पानांवर आलेखाखाली एक ओळ घाला: ही हाक हातातून सोडतानाची आहे. वाचणाऱ्याला तेवढं कळलं की तो फसणार नाही. आणि नाही घातली, तर हे सतराशे साठ लोकांना पाठवायला मला सहीची गरज नाही. हे तो शांतपणे म्हणाला. आपण संचालकांना धमकी दिली हे त्याला नंतर जिना उतरताना कळलं. ओळ घालायचं कबूल झालं. दारापाशी संचालकांनी त्याला थांबवलं, आणि मनापासून वाईट वाटल्यासारखं विचारलं की आता तुमचं नाव कुठे घालू, कुठेच जागा उरली नाही. त्यानं सांगितलं, सत्तेचाळीसच्या पानावर घाला, पकडणारा म्हणून. संचालकांना ती थट्टा वाटली. पुस्तकात पुढे 'सौजन्य: संस्था' एवढंच छापून आलं.

अठराव्या पानाचा कच्चा कागद त्यानं घडी करून खिशात घातला होता. संध्याकाळी घराच्या दाराशी किल्ली काढताना तो हाताला लागला. आतून बायकोचा आवाज येत होता, फोनवर, बहिणीशी. तो पडद्याआडचा, जिन्याच्या कठड्याचा आवाज. किल्ली कुलपात फिरली. त्यानं नीट ऐकलं: वाक्याच्या मधोमध, 'आणि मग ती मला म्हणते' आणि 'जाऊ दे' यांच्यामध्ये, तो आवाज उडी मारून वर गेला. जागा त्याला बोट ठेवून दाखवता आली असती. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, फोन कानाशी. "अहो, आलात? वाढू? ताईचा फोन आहे, ठेवतेच."

"ठेवू नकोस," तो म्हणाला. "मला घाई नाही."

तिनं त्याच्याकडे जरा संशयानं पाहिलं. त्यानं गळ्यातले कर्णे काढून खुंटीला अडकवले. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत पाठ टेकून बसला, दोन्ही पाय जमिनीवर, हात सैल. तिनं सांगितलं होतं तसं, फक्त पट्टा कुणाच्याच दंडाला नव्हता. आतला आवाज अजून वरच होता, तुटक. होय, नाही, बघू, उद्या. त्यानं कान टवकारले नाहीत. समोरच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा पाहत बसला, मग खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं ते, मग काहीच नाही. किती वेळ गेला ते त्यानं पाहिलं नाही. घड्याळ मनगटावरच होतं. कधीतरी आतली वाक्यं लांब व्हायला लागली. भांडं ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची ओढल्याचा. मग ती बसून बोलत होती, सावकाश, खालच्या सुरात, शब्द संपल्यावर आवाज टेकू देत.

"नाही गं, घरातच आहेत," ती सांगत होती. "बसलेत नुसते. नाही, बरे आहेत तसे. काय माहीत काय काढलंय मनात." आणि मग ती हसली, पोटातून.